दुसऱ्या मजल्यावरचा टोप

पोटमाळ्यावरून उतरवलेल्या गोणीतून सव्वीस भांडी निघाली आणि त्यांतलं एकही आमचं नव्हतं.

हे मला भांड्यांवरची नावं वाचून कळलं. आईच्या पिढीतल्या बायकांनी नाव घातल्याशिवाय स्टीलचं भांडं दुकानाबाहेर आणलं नाही. दुकानदार छिन्नीने ठोकून टिंबाटिंबांची अक्षरं काढून द्यायचा. कोणाचं, कोणाकडून, कशाबद्दल, आणि खाली तारीख. माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारण्यात गेली, पण मालकीची इतकी चोख नोंद मी तिथेही पाहिली नाही. त्या गुरुवारी दुपारी मी फरशीवर बसून एकेक भांडं खिडकीच्या उजेडात धरून वाचत होतो आणि माझ्या तोंडचं पाणी पळत चाललं होतं. वाडगे, डबे, दोन ताटं, दुधाची एक किटली, झाकणाचा एक टोप. तळमजला, पहिला मजला, आमच्या समोरचं दार, मागच्या इमारतीतल्या शिक्षिकाबाई. पन्नास वर्षांत आमच्या जिन्यावरून ये-जा केलेली जवळजवळ प्रत्येक बाई त्या गोणीत नावानिशी हजर होती.

"आई, हा मुद्देमाल आहे," मी म्हटलं.

"काय मेल्या बोलतोस. द्यायची राहिलीत ती."

"सव्वीस?"

"मी काय मोजत बसले होते?"

आमची इमारत मुलुंड पूर्वेची, चार मजल्यांची, बिनलिफ्टची. पुनर्विकासासाठी ती पाडायची ठरली होती आणि रविवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करून चाव्या द्यायच्या होत्या. आम्ही तिघं, म्हणजे आई, बायको आणि मी, चौथ्या मजल्यावरून स्टेशनच्या पलीकडच्या एका भाड्याच्या लहानशा घरात जाणार होतो. तीन वर्षांनी परत येऊ असं कागदावर लिहिलं होतं. आईचं वय एक्क्याऐंशी. कागदावर लिहिलेल्या वर्षांत आपण बसतो का, याचा हिशेब ती मनात करत असावी, पण बोलत नव्हती.

निरोपाचा समारंभ आधीच्या रविवारी उरकला होता. बिल्डरने आवारात मांडव घातला होता. सूत्रसंचालिकेने आमच्या इमारतीला 'केवळ वास्तू नव्हे तर एक संस्कार' म्हटलं. ज्या सेक्रेटरींनी गळतीच्या प्रत्येक तक्रारीला वीस वर्षं 'पत्र द्या' एवढंच उत्तर दिलं, ते व्यासपीठावर रडले. शेवटी प्रत्येक सभासदाला शाल, श्रीफळ आणि होणाऱ्या टॉवरची काचेची प्रतिकृती मिळाली. घर रिकामं करायला सांगितलेल्या माणसाच्या हातात दोन किलो काच द्यायची कल्पना ज्याला सुचली, त्याला अडगळ म्हणजे काय हे कधी कळलं नसावं. किंवा फार चांगलं कळलं असावं.

पण अडगळीबद्दल मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार? आमच्या घरात चौदा खोकी जुन्या दिवाळी अंकांची आणि मासिकांची होती. "तुमचं ते वाङ्मय आणि आमचं ते भंगार," असं बायको म्हणायची. गोणी पाहिल्यावर मात्र तिने सरळ भंगारवाल्याचा नंबर काढला. "अहो, द्या वजनावर. कोणाला आठवतंय आता?"

"दुसऱ्याचं भांडं मोडीत घालायचं नाही," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणजे विषय संपला होता.

एवढी भांडी आमच्याकडे कशी साठली, तर त्याला कारण एक नियम. शेजारून वाटीत काही आलं की वाटी रिकामी परत करायची नाही. तिच्यात आपलं काहीतरी घालून द्यायचं. आता हे 'काहीतरी' मुद्दाम करायला हवं. गावाहून फणस येईल तेव्हा फणसपोळीची साटं घालून देऊ, असं ठरतं. फणस येतो तेव्हा ते लोक गावी गेलेले असतात. ते येतात तेव्हा आपल्याकडे सोयर असतं. तोवर त्यांच्याकडून दुसरा डबा आलेला असतो, आणि आता दोन डब्यांना शोभेल असं काही करायला हवं. मग एक दिवस ओट्यावर जागा उरत नाही आणि दोन्ही डबे 'तात्पुरते' वर जातात. घरातून एक भांडं पळवलं तर चोरी. पण सव्वीस भांडी सौजन्यापोटी अडकली तर त्याला आपल्याकडे शब्दच नाही.

शुक्रवारी सकाळी मी पिशवी घेऊन खाली उतरलो. प्रत्येक भांड्यात आईने मूठभर साखर घातली होती, कारण सामान बांधलेल्या घरात दुसरं काही उरलं नव्हतं.

लोकांना आनंद होईल अशी माझी समजूत होती. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी वाडगा पाहिला आणि भिंतीला हात टेकला. "अरे देवा. मी कालपासून वाडगे वाटतेय रे, आणि तू अजून एक आणलास?" तळमजल्यावरचे गुजराती शेठ आपल्या किटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भाई, ये मेरी माँ की है. उसको गुजरके पच्चीस साल हुआ." त्यांनी किटली घेतली आणि साखर चिमटीने तोंडात टाकली. मी निघालो तर म्हणाले, "रुको, तुम्हारा भी है."

आणि आत जाऊन त्यांनी आमचे तीन डबे आणले.

तिथून पुढे हेच होत गेलं. ज्या दारात मी एक भांडं दिलं त्या दाराने मला कधी एक, कधी दोन परत केली. आमची, वडिलांच्या नावाची, 'गिरणीतील मित्रमंडळींकडून' असं लिहिलेली. त्यांत शेव, चिक्कीचे तुकडे, एकात तर औषधाच्या गोळ्यांची पट्टी, कारण त्या घरातही दुसरं काही उरलं नव्हतं. म्हणजे आमच्यासारखीच दुसऱ्यांची भांडी अडवून ती माणसंही इतकी वर्षं जिन्यात माझ्याकडे बघून हसत होती. शनिवारी दुपारी मी मोजणी केली. तेवीस भांडी गेली होती. एकतीस आली होती.

"वा," बायको म्हणाली. "अजून दोन दिवस मिळाले असते तर आपलं भांड्यांचं दुकान निघालं असतं."

तीन भांडी उरली होती. त्यांतल्या दोन भांड्यांच्या मालकांचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. तिसरं भांडं म्हणजे तो झाकणाचा टोप. चार माणसांचा भात सहज होईल एवढा, जाड बुडाचा. त्यावरचं नाव दुसऱ्या मजल्यावरच्या काकींचं होतं. खाली 'आईकडून' आणि काकींच्या लग्नाची तारीख.

काकी आमच्याच बाजूच्या, मालवणकडच्या. मी शाळेत असताना त्यांचं आणि आमचं घर एकच होतं म्हणायला हरकत नाही. दोघी एकत्र पापड लाटायच्या, एकमेकींना मालवणीत शिव्या घालायच्या. पुढे कधीतरी ते थांबलं. का थांबलं, हे मी विचारलं नव्हतं. थांबलेल्या गोष्टींची चौकशी न करणं यालाच आमच्या घरात शहाणपण म्हणतात. काकींनी नव्या इमारतीतला हक्क विकला होता आणि त्या रविवारी बोरिवलीला मुलीकडे जाणार होत्या, कायमच्या.

"हा काकींचा," मी टोप पिशवीत घालत म्हटलं. "साखर घाल, देऊन येतो."

"तो राहू दे," आई म्हणाली.

"राहू दे कसा? उद्या त्या जाणार."

"माहीत आहे मला."

"मग?"

आई खिडकीपाशी गुंडाळलेल्या गादीवर बसली होती. तिने माझ्या हातातून टोप घेतला, मांडीवर ठेवला, झाकण काढलं आणि परत लावलं. "हा तुझे बाबा गेले त्या दिवशी आला होता. पिठलं-भात घेऊन. त्या दिवशीचं भांडं भरून देत नाहीत. दुःख परत पाठवल्यासारखं होतं. आणि रिकामं तर कुठलंच देत नाहीत."

"असं कुठे लिहिलंय?"

"तुझ्या पुस्तकांत नसेल."

मला हसू येत होतं. एकोणीस वर्षं एक टोप दोन नियमांच्या मध्ये अडकून पडला होता. त्यावर एखादा झकास लेख होईल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. "म्हणजे तू विसरली नव्हतीस तर. काय करावं ते कळत नव्हतं, एवढंच ना?"

"कळत होतं की. धुऊन, पुसून, 'हा घे तुझा टोप' म्हणायचं. त्याला काय लागतं?"

"मग दिला का नाहीस?"

आईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणित चुकल्यावर पाहायची तसं. "तेरा दिवस ती रोज आली. सकाळी चहा, दुपारी जेवण. मी जेवत नव्हते तर घास भरवला तिने. आणि चौदाव्या दिवसापासून नाही. मी म्हटलं, दमली असेल. मग संक्रांत आली. समोरच्या दारात हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला ती वर आली. मी आत होते. तिचा आवाज ऐकला. बोलावणं दिलं आणि आपल्या दाराकडे पाठ करून खाली उतरली."

स्वयंपाकघरात बायकोचा चिकटपट्टी ओढण्याचा आवाज थांबला.

"तिचा टोप माझ्याकडे होता," आई म्हणाली. "तिच्या आईने दिलेला. तिचा जीव होता त्याच्यावर. म्हटलं, टोप मागायला तरी येईल. दार वाजवेल. म्हणून ठेवला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"एकोणीस वर्षं?"

"ती आली नाही त्याला मी काय करू?"

माणसाच्या मनाबद्दल मी बरीच जाड पुस्तकं वाचली आहेत. काहींच्या समासात पेन्सिलीने खुणाही केल्या आहेत. आणि ज्या बाईने दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे पैसे परत करायला मला भर दुपारी चार मजले उतरवलं होतं, तिने माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर दुसऱ्याची वस्तू जाणूनबुजून दडवून ठेवली होती. त्याच माळ्याखाली मी रोज चहा पीत होतो. मला एकदम आईची ओळख पटेनाशी झाली. समोर बसलेली बाई कोण, तिला आणखी काय काय ठाऊक आहे, असं वाटलं. बायको दारात येऊन उभी होती. ती आईकडे नाही, माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते पाहून मला दुसरा धक्का बसला. हळदीकुंकवाचं तिला माहीत होतं.

"तुला ठाऊक होतं?"

"बायकांना ठाऊक असतं," ती म्हणाली. "टोपाचं नव्हतं. बाकीचं होतं."

रविवारी सकाळी सामान नेणारी माणसं आली. आमचा टेम्पो दुपारचा होता, काकींचा सकाळचा. खाली तो लागल्याचा आवाज आला तशी आई उठली, तिने साडीचा पदर खोचला आणि टोप उचलला.

"आई, गुडघे. मी देतो ना नेऊन."

"तू दिलास तर तो तुझा निरोप होईल."

"साखर तरी घाल."

"नको. आहे तसाच नेते."

आईने आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं भांडं रिकामं नेलं. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरत होती. तिच्या काखेत टोप होता आणि मागे मी. दुसऱ्या मजल्यावर काकींचं दार सताड उघडं होतं. काकी खोक्यांच्या मध्ये खुर्ची टाकून माणसांना हुकूम सोडत होत्या. काकांना त्यांनी दोन दिवस आधीच बोरिवलीला धाडलं होतं. सामान हलवताना नवरा घरात असला की एक नग वाढतो, असं त्यांचं मत होतं.

त्यांनी वर पाहिलं. "इलंस?" म्हणाल्या. एवढंच. आई रोजच यायची अशा आवाजात.

मग त्यांना टोप दिसला.

त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आनंद नव्हता तो. रागही नव्हता. त्यांनी हात पुढे केला, टोप घेतला, उजेडाकडे वळवून त्यावरची टिंबं बोटाने चाचपली. आंधळी माणसं वाचतात तशी.

"खंय होतो?"

"माझ्याकडे," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

"विसरलंस?"

इथे आईला खोटं बोलता आलं असतं. मी मनातल्या मनात तिला तसं सुचवतही होतो. हो म्हण, वय झालं म्हण, माळ्यावर गेला म्हण. पुढे काही होणार नाही, गाडी सुटेल, सगळे आपापल्या घरी जातील.

"नाय," आई म्हणाली. "ठेवलंय."

काकी उठल्या. सामान बांधणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "ते कोपऱ्यातलं खोकं फोड."

"आंटी, वो तो पॅक हो गया. टेप मार दिया."

"फोड म्हटलं ना!"

त्याने फोडलं. काकींनी आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, कागद टराटरा फाडला आणि आमच्यासमोर धरलं. टोप. तोच आकार, तसंच झाकण, तसंच जाड बूड. त्यावर तेच नाव, 'आईकडून', तीच तारीख. फरक फक्त अक्षरांचा. ही टिंबांची नव्हती. यंत्राच्या सुईने काढलेली, गुळगुळीत, अलीकडची होती.

मला काही कळेना. आईलाही नाही. ती एकदा या टोपाकडे बघत होती, एकदा त्या.

"हा माझ्या जावेने आणून दिला," काकी म्हणाल्या. आता त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या, जणू मी पंच होतो. "तुझे बाबा गेले त्या आठवड्यात ती आमच्याकडे राहायला होती. तेरा दिवस माझ्या घरातलं प्रत्येक भांडं वर जात होतं आणि खाली येत होतं. कुठलं कधी गेलं, कोण लक्षात ठेवतो? महिन्याने बघते तर टोप नाही. सगळं घर पालथं घातलं. जाऊ जाताना भरलेली मासळी घेऊन गेली होती, ते मला आठवत होतं. कशातून नेली ते आठवत नव्हतं. मी म्हटलं, त्यातूनच."

"विचारलंत त्यांना?"

"विचारलं. चारचौघांत विचारलं. सासूच्या श्राद्धाला, पंगत बसलेली असताना. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, मग काय टोपाला पाय फुटले?" काकी थांबल्या. "पंधरा दिवसांनी ती आली. आत आली नाही. दारात हा ठेवला आणि गेली. मी नाव बघितलं, तारीख बघितली. म्हटलं, बघा, घेतला होता म्हणून तर नवा भरून दिला! नाहीतर कोण कशाला देईल?"

जिन्यातून कपाट उतरवणाऱ्या माणसांची 'संभालके, संभालके' अशी ओरड चालली होती. त्या जावेने भांडण मिटावं म्हणून दुकानात जाऊन तसाच टोप शोधला असणार. नवऱ्याच्या भावजयीच्या लग्नाची तारीख कुठूनतरी विचारून घेतली असणार. दुकानदाराला दुसऱ्याच बाईचं नाव सांगून खाली 'आईकडून' लिही म्हटलं असणार. आणि तोच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

"एकोणीस वर्षं बोललो नाही आम्ही," काकी म्हणाल्या. "दिंडोशीला असते ती. लग्नात दिसली की मी जागा बदलते. मुलांनाही एकमेकांकडे जाऊ दिलं नाही."

"माझ्याकडे मागायचा होतास," आई म्हणाली. "एकदा मागायचा होतास गो."

"तुझ्याकडे? माणूस गेलेल्या घरात भांडं मागायला येऊ? लाज नाही मला?"

"मी वाट बघत होते."

"टोपाची?"

"तुझी. संक्रांतीला माझ्या दाराकडे पाठ करून गेलीस."

"तुझं दार बंद होतं."

"लोटलेलं होतं."

"मला काय ते बाहेरून कळणार? आणि वाजवून काय सांगू? चल म्हणू? तू आली असतीस आणि तिथे कोणी काही बोललं असतं, तर तुला मी तोंड कसं दाखवलं असतं? म्हणून आलेच नाही. नंतर दोनदा अर्ध्या जिन्यात येऊन परत गेले."

"परत का गेलीस?"

"भ्याले. आणि तू? तुला माहीत होतं ना माझा जीव आहे त्याच्यावर? मला जिन्यात बघायचीस आणि तो वर ठेवून बसली होतीस?"

"हो," आई म्हणाली.

या 'हो'नंतर मला वाटलं, काकी आता काहीतरी फेकतील. त्यांनी दोन्ही टोप एकात एक घातले. ते एकात एक बसेनात, सारख्याच मापाचे होते. मग त्यांनी एक एका काखेत घेतला, दुसरा दुसऱ्या, आणि माणसांना म्हणाल्या, "तुम्ही बोरिवलीला जा. मुलगी आहे तिथे, ती उतरवून घेईल. मला रिक्षा बघा."

"कुठे जाता, काकी?" मी विचारलं.

"दिंडोशीला. माझ्या तोंडाने सांगते तिला."

"मीही येते," आई म्हणाली.

"तू नको."

काकी जिना उतरून गेल्या. आई त्या रिकाम्या होत चाललेल्या घराच्या उंबरठ्यापाशी उभी राहिली. मी तिचा दंड धरला. मला वाटलं, आता तिला वर न्यावं, पाणी द्यावं. पण ती वर वळली नाही. खाली वळली. पुन्हा दोन्ही पाय प्रत्येक पायरीवर, कठडा धरून. आम्ही आवारात पोचलो तेव्हा काकी रिक्षात बसल्या होत्या आणि रिक्षावाला पवईवरून जाऊ की कसं, ते विचारत होता.

आई रिक्षापाशी जाऊन उभी राहिली. अंगावर घरातली साडी, पायांत न्हाणीघरातल्या स्लिपर. समारंभाचा मांडव काढला होता, त्याचे बांबू तसेच पडलेले. काकींनी समोर बघत ठेवलं. रिक्षावाल्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि मीटर टाकला.

"उभी काय रवलंस?" काकी समोरच बघत म्हणाल्या. "बस. मी एकटी काय सांगू तिला? माझ्याकडचं निम्मंच आहे."

आईने आत पाय ठेवला. काकींनी एक टोप उचलून तिच्या मांडीवर दिला. जुना की नवा, ते मला दिसलं नाही.

"आई, तुझी दुपारची गोळी! आपला टेम्पो येईल! चाव्या द्यायच्यात!"

"तू आहेस ना," आई म्हणाली आणि रिक्षा गेटातून बाहेर पडली.

मी वर आलो. आमची माणसं कामाला लागली होती. पोटमाळ्याचं दार उघडं होतं आणि त्यांच्यातला एक शिडीवर चढून आत बॅटरी मारत होता. गोणीमागे काय काय होतं ते आता दिसत होतं. पत्र्याची एक पेटी. झाकण डांबराने बंद केलेला तेलाचा डबा. साडीच्या काठांचं एक बोचकं. दोन पायांचा एक पाट. ह्या सगळ्यापुढे माझ्या यादीत, माझ्याच सुवाच्य अक्षरात, 'टाकणे' असं लिहिलेलं होतं.

"अंकल, ये सब भंगार में ना?" त्याने विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी यादी हातात घेऊन त्या बोचक्याकडे बघत राहिलो. ते तिथे कोणी ठेवलं, कशासाठी ठेवलं, कोणी येऊन मागावं म्हणून ठेवलं, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं.

"नहीं," मी म्हटलं. "कशालाही हात लावू नका. आईला येऊ दे."

"अहो, टेम्पो दोन वाजता येणारे. त्या कधी येणार?"

"माहीत नाही," मी म्हटलं आणि शिडी धरून उभा राहिलो.